मापटं

समाजमंदिरामागं आमची बियाण्याची खोली.
दहा बाय बारा, वर पत्रा, खिडकीला जाळी.
मडक्यांची तोंडं शेणामातीनं लिंपलेली,
अंगावर खडूनं नावं:
दगडी ज्वारी, हुलगा, मटकी,
कारळ, जवस, काटेरी करडई.
अंबाडीचं मडकं तडकलंय, ते फडक्यात बांधून ठेवलंय.

वही माझ्याकडं असते.
एक पायली नेली की सुगीला सव्वा पायली आणायची.
याला व्याज म्हणायचं नाही, हे पहिल्या बैठकीत ठरलं.
वरची दोन मापटी पुढच्या बाईची,
ती कोण हे अजून कुणालाच माहीत नसतं.

भांडण झालं ते मापावरून.
महानंदाताईंनी घरचं पितळी मापटं आणलं होतं,
चिंचेनं घासून लख्ख.
केवळबाई ओव्हाळनं ते हातात घेतलं,
आत बोटं घालून बूड चाचपलं
आणि म्हणाली,
"हे द्यायचं मापटं हाय. घ्यायचं कुठंय?"

सगळ्या चटईकडं बघायला लागल्या.
तीस सुग्या तिनं त्या वाड्यावर खळं केलेलं.
बूड आतून ठोकून वर उचललेलं
तिच्या बोटांना शाळेत न जाता पाठ होतं.

महानंदाताई उठल्या.
मला वाटलं, गेल्या, आता येत नाहीत.
आल्या ते दुसरं मापटं घेऊन.
दोन्ही शेजारी ठेवली.
एकात हुलगा भरला, दुसऱ्यात ओतला.
वर दीड बोट रिकामं राहिलं.

त्या दीड बोटाबद्दल कुणी काही बोललं नाही.
एक दाणा चटईखाली गेला,
तो नजमाबी कितीतरी वेळ शोधत बसली.

मग मुरूडच्या बाजारातून नवं आणलं, पत्र्याचं.
ते खिळ्याला टांगलेलं असतं.
ज्याला वाटेल त्यानं बूड बघावं.

सोयाबीन आम्हीपण पेरतो, खोटं कशाला सांगू.
पण एक एकर पोटासाठी.
आणि ही दगडी ज्वारी आली कुठून,
तर केवळबाईच्या गायरानातून.
सातबाऱ्यावर तिचं नाव नाही अजून,
दुकानदारही कधी तिथवर गेला नाही नव्या पिशव्या घेऊन,
म्हणून जुनं बी तिच्याकडंच राहिलं.
ज्या घरचं पाणी चालत नव्हतं
त्या घरच्या बियाण्याला आता ओळ लागते.
ती काही बोलत नाही. ओळीत कोण कुठं उभं आहे
एवढं मात्र बघून ठेवते.

गुरुवारी लातूरच्या मुलींच्या वसतिगृहाला पीठ जातं.
भाव इथंच ठरतो,
खुरपायला जाणाऱ्या बायाही बसतात भाव ठरवायला.
मेसवाला म्हणाला, भाकर जरा काळसर येते.
नजमाबी म्हणाली, "मातीबी काळीच हाय, दादा."
टेम्पो परत येतो तेव्हा त्यात
भाजीच्या देठांचे दोन पिंप असतात, खतासाठी.
ड्रायव्हर नाक मुरडतो, पण आणतो.

यंदा भाद्रपदात पाणी थांबलंच नाही.
प्रयागचा हुलगा मातीसकट वाहून गेला.
ती आली, दारातच उभी राहिली.
वहीत तिच्या नावापुढं मी जागा कोरी सोडली.

"कोरं कशाला? लिही," केवळबाई म्हणाली.
काय लिहू?
"पाण्यानं नेलं, आसं लिही.
पाण्याकडून कोण सव्वाई मागतंय?"

मग तिनं खिळ्याचं मापटं काढलं,
दगडी ज्वारीचं मडकं फोडलं,
प्रयागच्या पदरात पायली मोजली.
प्रत्येक मापट्यावर शीग लावून,
दाणे कडेवरून ओघळेपर्यंत.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं,
घेताना ती हातानं सपाट करते,
देताना कधीच नाही.
हे कुणी ठरवलं नव्हतं.

वहीत मी लिहिलं: प्रयाग, ज्वारी, एक पायली.
शिगेला रकाना नाही.